‘मॅडम, तेव्हा तुमचं सगळं आठवत होतं’

पत्र

आदरणीय ताई,

मी 28 वर्षांची. मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि चार वर्षांपासून एका तालुक्याच्या गावी शाळा व ज्युनिअर कॉलेजात समुपदेशक आहे. दरवर्षी नववी ते बारावीच्या वर्गांवर मेंदूची वाढ आणि धोक्याचं वागणं या विषयावर तास घेते. पीपीटी चांगली आहे, मुलं ऐकतात. यंदा अकरावीतली दोन मुलं पहिल्या बाकावर बसून सारखी प्रश्न विचारत होती. तीन आठवड्यांनी तीच दोघं तिसऱ्या मित्राला मध्ये घेऊन, ट्रिपल सीट, रात्री साडेअकराला बायपासवर रेस लावायला गेली. मागे बसलेल्याच्या मांडीत आता रॉड आहे. मधल्याला नुसतं खरचटलं. गाडी चालवणाऱ्याच्या डोक्याला मार लागला. नऊ दिवस आयसीयूत होता, आता घरी आहे, पण बोलताना शब्द शोधत थांबतो. मी भेटायला गेले तर म्हणाला, ‘मॅडम, तेव्हा तुमचं सगळं आठवत होतं.’ मला तिथंच रडू आलं.

प्राचार्य स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, ‘मग मेंदूच्या तासाचा उपयोग काय झाला?’ संस्थेचं म्हणणं असं की अपघातांचे व्हिडिओ दाखवा, पोरं घाबरली की सुधारतील. माझं शिकवणं फुकट गेलं का? हे सगळं सोडून पुण्याला जाऊन स्वतःची प्रॅक्टिस सुरू करावी असं रोज वाटतं. तुम्ही आयुष्यभर हेच काम केलंत, म्हणून विचारते.

– तुमची एक वाचक

उत्तर

एकेरीत लिहिते, चालेल ना? माझ्या धाकट्या मुलीहून तू लहान आहेस.

आधी त्या मुलाच्या वाक्याबद्दल. तुला ते आरोपासारखं लागलंय. मी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा वाटलं की चार वर्षांत इतका नेमका अभिप्राय तुला दुसऱ्या कुणी दिला नसेल. सगळं आठवत होतं, आणि तरी ॲक्सिलरेटर पिळला. म्हणजे त्याच्याकडे माहिती कमी नव्हती. मग आपण तासाला माहितीच का वाटत बसतो?

आपण मोठी माणसं धरून चालतो की पोरांना धोका कळत नाही, आपल्याला काही होणारच नाही असं त्यांना वाटतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या व्हॅलरी रेना यांचं याच विषयावर बरंच काम आहे आणि त्यात उलटं दिसतं. पुष्कळ धोक्यांचा अंदाज मुलं असतो त्यापेक्षा जास्तच करतात. फरक पुढे पडतो. तू किंवा मी रात्री बायपासवर रेस लावायचा विचार मनात आला तर हिशोब मांडत बसणार नाही. नको म्हणजे नको, विषय संपला. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मात्र खरोखर हिशोब करतो. रस्ता रिकामा आहे, चारच किलोमीटर आहे, गेल्या वेळी काही झालं नव्हतं, मागे दोघं बसलेत, पलीकडच्या गाडीवरचा हसतोय. बेरीज ‘जाऊ या’ अशी येते. तुझ्या पीपीटीतले आकडेही त्या बेरजेत होते गं. ते कमी पडले, एवढंच.

कमी का पडले, याचा एक नीट तपासलेला भाग आहे. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायची, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायची हे ठरवायचं. 13 ते 16, 18 ते 22 आणि 24 च्या पुढचे, असे तीन गट होते. काही जण एकटे खेळले, काहींच्या सोबत मित्र होते. मित्र असताना लहान दोन गटांनी जास्त धोका पत्करला. मोठ्यांच्या खेळण्यात मित्रांमुळे फारसा फरक पडला नाही. पुढे 2011 साली स्टाइनबर्ग यांच्याच गटाने असाच खेळ मेंदूच्या स्कॅनरमध्ये खेळवला. एकटी असताना किशोरवयीन मुलं जवळजवळ मोठ्यांसारखीच खेळली. मित्र शेजारच्या खोलीत पडद्यावर बघताहेत एवढं कळलं की धोका वाढला, आणि बक्षिसाच्या ओढीशी संबंधित भाग जास्त जागे झाले. लक्षात घे, मित्र नुसते बघत होते.

तुझा तास सकाळी झाला असणार. डोक्यावर पंखा, समोर वही, पुढे मॅडम. त्या मुलाने तास एका डोक्याने ऐकला आणि गाडी दुसऱ्या डोक्याने चालवली. दोन्ही डोकी त्याचीच. आपलं काम या दोघांची ओळख करून देण्याचं आहे, आणि ते पीपीटीने होत नाही. हे मला कळायला किती वर्षं लागली ते सांगते, म्हणजे तुझी चार वर्षं तुला फार वाटणार नाहीत.

मी सुरुवात शाळेत केली नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका जिल्ह्याच्या गावी व्यसनमुक्तीच्या कामात होते. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 ला सुरू झालं होतं, ठाण्यात मानसिक आरोग्याचं काम करणारं आयपीएच 1990 ला उभं राहिलं, आणि आमच्यासारखे लहान गावातले लोक तिकडून काय येईल ते वाचत, ऐकत काम करायचे. आमच्याकडे येणारी माणसं पस्तिशी-चाळिशीची. पहिल्या दिवसाची गोष्ट मात्र प्रत्येकाची चौदा ते सतरा या वयातली. पहिला मावा शाळेच्या मागच्या भिंतीला, पहिला घोट गॅदरिंगच्या रात्री. आणि एकट्याने कुणीच सुरुवात केलेली नव्हती, सोबत नेहमी दोघं-तिघं. मला वाटलं, मग आपण इथे बसून काय करतोय, शाळेत जाऊ या.

गेले. खराब झालेल्या लिव्हरची रंगीत चित्रं घेऊन गेले. एक मुलगी चक्कर येऊन पडली, बाकीच्यांनी मधल्या सुट्टीत माझी नक्कल केली. पुढे मेंदूची चित्रं आपल्यापर्यंत पोचली. अमेरिकेत जे गीड यांच्या गटाने मुलांच्या मेंदूचे वर्षानुवर्षं एमआरआय काढून 1999 साली दाखवलं होतं की कपाळामागच्या भागातलं करडं द्रव्य साधारण अकरा-बारा वर्षांपर्यंत वाढतं आणि नंतर विरळ होत जातं. न वापरलेल्या जोडण्यांची छाटणी होते, राहिलेल्यांवर वेष्टण चढतं, आणि हे काम विशीतही चालू राहतं. मी हरखून गेले. आता हातात विज्ञान होतं! मी वर्गावर वर्ग सांगत सुटले, ‘मुलांनो, तुमच्या गाडीला इंजिन बसलंय, ब्रेक अजून बसायचाय.’ वाक्य हमखास चालायचं. शिक्षक मान डोलवायचे, पालक टाळ्या वाजवायचे.

मग एका दुपारी तास संपल्यावर एक दहावीचा मुलगा मागे थांबला. त्याने वर्गातल्या एकाचं नाक फोडलं होतं, म्हणून त्याला मुद्दाम माझ्या तासाला बसवलं होतं. शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, ब्रेकच नाही म्हणता, मग माझी काय चूक?’

मला उत्तर देता आलं नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. ब्रेक नाही हे खरंही नाही. एकटा असताना, घाई नसताना सोळा वर्षांचा मुलगा पुष्कळ शहाण्यासारखा विचार करतो. ब्रेक असतो, पण गर्दीत, रात्री, रागात, कुणी बघत असताना तो उशिरा लागतो. तुझ्याही पीपीटीत ते वाक्य असेल तर पुसून टाक. शेजारीच ‘25 व्या वर्षी मेंदू पूर्ण होतो’ असं असेल, तेही काढ. अशी रेघ कुठल्याच अभ्यासात नाही. वाढ हळूहळू मंदावते, भागाभागानुसार आणि माणसागणिक वेगवेगळी. (कायद्याचाही गोंधळच आहे. आपल्याकडे मत द्यायला 18, मुलाला लग्नाला 21, राज्यात कडक दारूला 25, आणि अतिगंभीर गुन्हा असेल तर 16 च्या पुढच्या मुलाला प्रौढासारखं वागवायचं का याची चाचपणी 2015 च्या बाल न्याय कायद्याने करता येते. एकाच मुलाचा मेंदू प्रत्येक खात्याला वेगळा दिसतो.)

आता संस्थेच्या व्हिडिओबद्दल. हा हट्ट नवीन नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात सत्तरच्या दशकात वाट चुकलेल्या पोरांना जन्मठेपेच्या कैद्यांसमोर उभं करायचे. कैदी ओरडायचे, पोरं रडायची, 1978 साली त्यावर माहितीपट निघाला आणि तो प्रकार गावोगाव पसरला. पुढे अशा कार्यक्रमांच्या नीट चाचण्या घेऊन त्यांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा तुरुंग पाहून आलेली मुलं न पाहिलेल्यांपेक्षा नंतर जास्त गुन्ह्यांत सापडली. दुसरं उदाहरण डेअर नावाच्या कार्यक्रमाचं. 1983 ला लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला, गणवेशातले पोलीस वर्गावर येऊन ड्रग्जविरुद्ध धडे देत. पालकांना आवडला, पोलिसांना आवडला. नव्वदच्या दशकातल्या मूल्यमापनांत मुलांच्या प्रत्यक्ष वागण्यात फरक नगण्य निघाला, आणि शेवटी अभ्यासक्रमच बदलावा लागला.

भीती दाखवली की दाखवणाऱ्याला बरं वाटतं. काहीतरी केल्यासारखं वाटतं. मुलांचं म्हणशील तर अपघाताचे व्हिडिओ त्यांच्या मोबाइलवर रोज येतात, वर गाणं लावलेलं असतं. तू पडद्यावर दाखवलेला त्यातलाच एक होईल. शिवाय साठ जणांच्या वर्गात एखादा तरी असतो ज्याचा बाप किंवा मामा रस्त्यावर गेलाय. मी एकदा असा व्हिडिओ दाखवलाय आणि अशा एका मुलीला वर्गाबाहेर पायरीवर बसलेली पाहिलंय. त्यानंतर नाही दाखवला.

पण सेक्रेटरी साहेबांना नुसतं ‘नको’ सांगू नकोस, ते ऐकणार नाहीत. त्यांना दुसरं काम दे. तुझ्या पत्रात एक गोष्ट नाही: गाडी कुणाची होती? अकरावीतला मुलगा म्हणजे सोळा-सतरा वर्षांचा. गिअरच्या गाडीला लायसन्स 18 ला मिळतं. 16 ला मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, तेही पालकांच्या संमतीने, आणि तसल्या गाड्या आता बाजारात दिसतात कुठे? मोटार वाहन कायद्यात 2019 साली 199-अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. 25 हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या 25 पर्यंत लायसन्स नाही. तुमच्या कॉलेजच्या गेटसमोर सकाळी किती गाड्या लागतात ते शिपायाकडून एक आठवडा मोजून घे आणि तो आकडा घेऊन पालकसभेत उभी राहा. व्हिडिओ दाखवायचाच असेल तर त्या पार्किंगचा दाखव.

मला या बाबतीत राग आवरत नाही, म्हणून स्पष्टच लिहिते. ‘आमचा बारक्या आठवीपासून बुलेट हाणतो’ असं चारचौघांत कौतुकाने सांगणारे बाप मी शेकड्याने पाहिलेत. 2024 च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला 17 वर्षांच्या मुलाच्या गाडीने दोघांचा जीव घेतला, त्यानंतर जामिनाची अट म्हणून त्याला सांगितलेल्या 300 शब्दांच्या निबंधावर देशभर संताप झाला. संताप बरोबरच होता. मी मात्र त्या आठवड्यात जिथे जिथे बोलायला गेले तिथे पालकांना एवढंच विचारलं, तुमच्या घरी गाडीची किल्ली कुठल्या खिळ्याला असते? सभागृहात चुळबुळ व्हायची. सगळ्यांनाच खिळा माहीत होता, आणि घरातल्या मुलालाही.

मेंदूच्या वाढीचं सगळं शास्त्र शिकून मी या साध्या जागी आले. ज्या वेळी मुलाचा ब्रेक उशिरा लागतो त्या वेळी किल्ली हाताशी नसावी. हे मुलाला शिकवण्याआधी घराला शिकवावं लागतं.

तास बंद करू नकोस, बदल. मी अलीकडे काय करते ते सांगते, त्यातलं तुला पटेल ते घे.

पहिली पंचवीस मिनिटं मी काहीच शिकवत नाही. कागदाचे तुकडे वाटते. नाव लिहायचं नाही, काय केलं तेही लिहायचं नाही. ‘चूक आहे हे माहीत असून केलेली एक गोष्ट आठवा. तेव्हा किती वाजले होते, सोबत कोण कोण होतं, आणि मनात काय होतं, एवढंच लिहा.’ चिठ्ठ्या घरच्या स्टीलच्या डब्यात गोळा करते. मग फळ्यावर फक्त वेळ आणि सोबत लिहीत जाते. रात्री अकरा, मित्र तिघे. मॅच संपल्यावर, पूर्ण टीम. क्लास सुटल्यावर, मावसभाऊ. रात्री एक, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. फळा भरत आला की वर्ग गप्प होतो, कारण ‘एकटा, दुपारी चार’ असं जवळजवळ येतच नाही. मी विचारते, यातलं तुमच्या लक्षात काय आलं? उत्तर मुलंच देतात, आणि ते स्टाइनबर्ग यांच्या प्रयोगाचंच असतं. मग दहा-बारा मिनिटं मेंदू. अंगठा तळव्यात घालून मूठ वळायची, अंगठा म्हणजे भावना, वरची बोटं म्हणजे कपाळामागचा भाग. बोटं उघडली की भावनांवरचा आवर सुटला. ती कधी उघडतात, ते फळ्यावर त्यांनीच लिहिलेलं असतं. एवढं पुरे.

उरलेला वेळ तालमीला. खरंच तालीम, नाटकाची असते तशी. गाडीवर बसायला बोलावलं, व्हेप पुढे केला, कुणाचा फोटो ग्रुपवर टाकायला सांगितला, तर तोंडातून निघेल असं एक वाक्य प्रत्येकाने आत्ताच तयार करायचं. आपली पुस्तकी वाक्यं चालत नाहीत. ‘नाही, हे माझ्या आरोग्यासाठी घातक आहे’ असं कोण बोलतं? मुलांची वाक्यं बघ: ‘पप्पांनी गाडीला जीपीएस बसवलाय, मरतो मी.’ ‘उद्या प्रॅक्टिकल आहे, जर्नल कोरं आहे.’ ‘आईने लोकेशन लावलंय.’ खोटी आहेत, असू देत. चेहरा राखून बाहेर पडता आलं पाहिजे. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाचं ‘जर-तर’ ठरवण्यावर काम आहे. ‘मी सांभाळून राहीन’ या निश्चयापेक्षा ‘जर अमुक झालं तर मी तमुक करीन’ असं आधी ठरवलेलं माणूस जास्त पाळतो, कारण ऐन वेळी विचार करायचं काम कमी उरतं. आपल्या पोरांना ऐन वेळीच तर विचार जमत नाही.

याला घरची जोड द्यावी लागते. माझ्या तासानंतर मुलं घरी एक करार करतात. दोन मिस्ड कॉल आले की आईने किंवा बापाने उलट फोन करून मोठ्या आवाजात रागवायचं, ‘आत्ताच्या आत्ता घरी ये!’ मुलगा मित्रांसमोर तोंड वाकडं करून निघतो, अब्रू शाबूत. घरी आल्यावर त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही, ही पालकांची बाजू. ती पाळणं त्यांना फार जड जातं. एक आई मला म्हणाली, ‘रागवायचं नाटक करताना मी खरंच रागावले हो, आणि सगळं विचारून बसले.’ पुढच्या वेळी अर्थातच मिस्ड कॉल आला नाही. पालकसभेत हा किस्सा सांग, हमखास उपयोगी पडतो.

चिठ्ठ्यांचा आणखी एक उपयोग मला उशिरा कळला. ‘मनात काय होतं’ याखाली पुष्कळ जण लिहितात, ‘नको वाटत होतं, पण बाकीच्यांना हवं होतं.’ मी ही वाक्यं मोठ्याने वाचून दाखवते. प्रत्येकाला वाटत असतं की नको म्हणणारा आपण एकटाच भित्रा. एका गाडीवरच्या तिघांपैकी दोघांना नको असतं आणि तिघंही जातात. म्हणून मी मुलांना मित्रांपासून दूर राहा असं सांगत नाही, ते कुणी ऐकतही नाही. ‘पहिला नको कोण म्हणणार’ एवढाच प्रश्न त्यांच्यात सोडते.

आणि कृपा करून या वयाच्या ओढीला आजार म्हणू नकोस. हीच ओढ सतराव्या वर्षी मुलीला एकटीने लातूरहून पुण्याला शिकायला नेते. त्यांना धोका हवाच असतो, तर ज्याच्या खाली हात धरलेले असतात असा द्यावा. मल्लखांबावर मूल उलटं लटकतं तेव्हा खाली वस्ताद असतो. दहीहंडीच्या पथकात दिवसेंदिवस संध्याकाळी सराव होतो आणि खालच्या थराला थोराड माणसं असतात. (उंचीच्या नादाने तिथेही पोरं जायबंदी होतात, ते मी नाकारत नाही.) तुमच्या तालुक्यातून एखादा किल्ला दिसतच असेल. वर्षातून दोनदा पोरांना कड्यावर ने, दोर लावायला शिकव, पुढे कोण चालणार हे त्यांना ठरवू दे.

झोपेचंही बोलायला हवं. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते. आपल्या सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा आदेश काढला. चांगलं केलं. पण ज्यांना सकाळी उठणं सगळ्यात अवघड जातं ती अकरावी-बारावीची पोरं साडेपाचच्या क्लासला सायकली हाणतात. तुझ्या हातात वेळापत्रक नाही, मला माहीत आहे.

एक काम मात्र चिठ्ठ्या वाटण्याआधी करायचं. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन कधी देऊ नकोस. मूल स्वतःला इजा करेल असं वाटलं तर तुला सांगावं लागेल, आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर पोक्सो कायद्याखाली, 2012 पासून, कळवणं बंधनकारक आहे. हे आधीच मोकळेपणाने सांगितलं तरी मुलं बोलतात. फळ्याच्या कोपऱ्यात टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 आणि चाइल्डलाइनचा 1098 लिहून ठेव आणि दिवसभर पुसू देऊ नकोस.

आता प्राचार्यांचा प्रश्न, उपयोग काय झाला. मी तीसेक वर्षं हे काम केलं आणि माझ्या तासांमुळे किती अपघात टळले ते मला सांगता येत नाही. त्या हिशोबाच्या मागे मी कधी लागलेही नाही. मी वेगळी वही ठेवायचे: तास झाल्यावर आठवड्याभरात माझ्या खोलीच्या दारात कोण आलं. ‘सहज आलो’ म्हणून आलेले, मित्राचं नाव घेऊन स्वतःचं विचारणारे, पेन राहिलं म्हणून परत आलेले. तू तशी वही ठेव. तास चांगला झाला की नाही ते त्यात दिसतं. टाळ्यांवर जाऊ नकोस, प्रश्नांवर तर मुळीच नाही. पहिल्या बाकावरून सारखे प्रश्न विचारणारा मुलगा पुष्कळदा आपला बेत पक्का करत असतो.

पुण्याला जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. शाळा समुपदेशकाचा पगार किती असतो ते मला माहीत आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत तुला सुपरव्हिजनला उभं करतात तेही. पण एम.ए.वर तू समुपदेशन करशील, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. त्यासाठी जाणार असशील तर आनंदाने जा. नुसती खोली भाड्याने घेऊन बसणार असशील तर सांगते, तिथे येणारी मुलं आईबापांनी आणलेली असतात, बहुतेक वेळा सगळं घडून गेल्यावर. आत्ता ती तुझ्या दारावरून दिवसातून चारदा जातात. निर्णय या परीक्षा संपेपर्यंत घेऊ नकोस. त्याआधी एखादी अनुभवी थेरपिस्ट गाठून महिन्यातून दोनदा तिच्याशी तुझ्या केसेसबद्दल बोल. त्या मुलाच्या घरी तुला रडू आलं, ते साहजिक आहे. पण तिथून निघाल्यावर तू कुणाशी बोललीस, हे पत्रात कुठेच नाही.

पत्रात आणखी एक जण जवळजवळ नाहीच. तिसरा मुलगा. ‘मधल्याला नुसतं खरचटलं’ एवढंच तू लिहिलंस, आणि तुझ्यासकट सगळे दवाखान्याच्या वाटेवर आहेत. तो रोज वर्गात बसतोय. दोन मित्रांच्या मध्ये होता, दोघंही मोडले, हा उठून उभा राहिला. त्याला शिक्षक टोमणे मारत असतील, घरच्यांनी मोबाइल काढून घेतला असेल, त्या दोघांच्या आया त्याच्याकडे बघतही नसतील. उद्या शाळेत गेलीस की सगळ्यात आधी त्याला बोलाव. काही विचारू नकोस. चहा मागव आणि बसू दे.

मग गाडी चालवणारा. पूर्वी मी वर्गात फिनिअस गेजची गोष्ट सांगायचे. 1848 साली अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावताना मीटरभर लांब, सहा किलोची लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून कपाळामागचा मेंदू फाडत वरून बाहेर पडली. तो जगला, पण स्वभाव पार बदलला, मित्र म्हणू लागले हा गेज नव्हेच. इथे मी गोष्ट थांबवायचे, पोरं डोळे विस्फारून बसायची. बऱ्याच वर्षांनी मी पुढचं वाचलं: हाच गेज नंतर चिलीला गेला आणि तिथे काही वर्षं घोडागाडी हाकत होता. अनेक घोड्यांचे लगाम, प्रवासी, ठरलेलं वेळापत्रक. डोक्यातून पहार गेलेला माणूस हे करत होता, आणि मी वर्षानुवर्षं तेवढंच गाळून सांगत आले होते.

तुझा विद्यार्थी सतराचा आहे. त्याचं किती भरून येईल हे त्याचे डॉक्टरच सांगतील, तू त्याला आश्वासनं देऊ नकोस. पण शब्द शोधावा लागणं, लवकर थकणं, चटकन चिडणं हे डोक्याच्या माराचे परिणाम असतात. घरचे त्याला आळस किंवा माज म्हणायला लागण्याआधी त्यांना हे समजावून सांग. न्यूरोसर्जनच्या पुढच्या तारखेला वाचा उपचार आणि न्यूरोसायकॉलॉजीच्या तपासणीबद्दल विचारायला त्याच्या वडिलांना चिठ्ठी लिहून दे. गप्पा मारताना वाक्य त्याच्या तोंडचं घेऊन पुरं करू नकोस, थांब.

आणि संस्थेला व्हिडिओ नाकारलास की पुढची मागणी येईलच, ‘मग त्याच मुलाला स्टेजवर बोलवा, तो सांगेल.’ तिथे मात्र ठाम राहा. तो तुमचा विद्यार्थी आहे, धडा म्हणून उभा करायचा नाही. पुढच्या वर्षी त्याची बारावी आहे. लिहिण्या-बोलण्याचा वेग तोवर आला नाही तर बोर्डाकडून जादा वेळ आणि लेखनिकाची सवलत मागता येते. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं आणि अर्ज कॉलेजमार्फत जातो. कागद आतापासून जमवायला घे. अर्जावर प्राचार्यांची सही लागेल, ती घ्यायला शिपायाला पाठवू नकोस. तूच जा.